जंताचं बारसं

आमच्या घरात कधी अंडंसुद्धा फुटलं नव्हतं, आणि मी मात्र माशांची आतडी चिरून शिकायचं ठरवलं होतं. हे वाक्य आज हसत हसत लिहिते आहे, पण तेव्हा ते घरात उच्चारायला मला दोन महिने लागले. अमळनेरला आमच्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे बरंच मोठं परसू. परसात एक कडुनिंब, एक न्हाणी, आणि पाणी तापवायचा तांब्याचा बंब. नाना एसटीत कंडक्टर, अमळनेर-धुळे त्यांची नेहमीची गाडी. सकाळी तेलाच्या मिलचा भोंगा व्हायच्या आत ते खाकी शर्टाची बटणं लावत उभे असत आणि आत्या त्यांच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मोडून ठेवत असे. आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण. सगळं गाव तिला अक्का म्हणे, मी एकटी आत्या. ती लग्न होऊन वर्षातच कुंकू पुसून माहेरी परतली होती, ती कायमची. आईच्या भाकरी थापण्याचा आवाज बांगड्यांसकट येई आणि आत्याचा नुसता थापण्याचा. मी अंथरुणात डोळे मिटून सांगू शकत असे की आज चुलीपुढे कोण बसलं आहे.

आई जळगावची, सातवी शिकलेली, पुस्तकी मराठी बोलणारी. आत्या आणि नाना पक्के अहिराणी. त्यामुळे आमच्या घरात एकच गोष्ट दोन भाषांत होई आणि दोन्हींत थोडी थोडी भांडणं होत. पण वांग्याचं भरीत असलं की सगळ्या भाषा बंद. आत्या वांगी काडक्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, मिरची आणि तेलाची धार. परवा धुळ्याला देवपूरमध्ये एका हॉटेलात खानदेशी भरीत म्हणून जे मिळालं ते खाऊन मी वेटरला विचारलं, बाबा, हे कोणी भाजलं? तो म्हणाला, गॅसनी.

मला खरं म्हणजे फुलपाखरं हवी होती. धुळ्याच्या कॉलेजात एम.एस्सी. झाल्यावर पुढे संशोधन करायचं म्हणून मी आमच्या सरांकडे गेले, तेव्हा मनात रंगीत पंख होते. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "फुलपाखरं सगळेच बघतात. आपण जे कोणी बघत नाही ते बघायचं." मला वाटलं, काहीतरी उदात्त येणार. तर ते म्हणाले, "जंत." माशाच्या आतड्यात राहणारे चपटे, फितीसारखे जंत. सर पुस्तकासारखं शुद्ध बोलत, शर्टाला कडक इस्त्री असे, आणि त्यांच्या दारावरच्या पाटीवर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव होतं. त्यांचं पूर्ण नाव कॉलेजात कोणालाही ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुढे नाही म्हणायची माझी छाती नव्हती. घरी मी सांगितलं की माशांवर अभ्यास आहे. आईला काचेच्या पेटीत पोहणारे मासे दिसले असावेत, कारण ती म्हणाली, "वा, छान."

तिचा तो समज दोन महिन्यांनी एका रविवारी मोडला. नदीवरची मासळी बाजारात घेऊन येणारी सखूबाई नावाची भोईण होती. तिच्याकडे मी गेले आणि म्हणाले, मला मासे नकोत, पोटातलं हवं. तिला वाटलं, गुलाबाच्या झाडाला खत घालते की काय ही. मी खरं ते सांगितलं, तर ती इतकी हसली की टोपली कलंडली. पुढे तीच बाजारभर ओरडून सांगू लागली, "हाई पोर मासा सोडी देस आन आतडा लई जास." माझा हळूहळू एक लौकिक तयार झाला. वाम नावाचा सापासारखा लांबट मासा असतो, तापीत मिळतो. माझं सगळं लक्ष त्या वामेच्या पोटावर. सखूबाई मासा साफ करून गिऱ्हाइकाला द्यायची आणि आतडं एका जुन्या डालड्याच्या डब्यात माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची.

घरात ते आणायचा प्रश्नच नव्हता. आईनं डोक्याला हात लावला, नाना म्हणाले विचार करू, आणि निवाडा आत्यानं दिला. "परसमा बस. निंबना खाले. घरमा आनू नको, आन आंग धोयाशिवाय चुलीजोडे येऊ नको." झालं. माझी प्रयोगशाळा कडुनिंबाखाली थाटली गेली. एक पाट, एक मोडकी परात, मिठाच्या पाण्याचा वाडगा, कात्री, चिमटा. मी आतडं उभं चिरायची, मिठाच्या पाण्यात हलवायची, आणि कधी काही नाही, कधी नुसता चिखल, आणि कधी एकदम एक पांढरी फीत सुटून पाण्यात वळवळू लागायची. तो क्षण काय सांगू. मी एकटीच निंबाखाली बसून हसायची. शेजारच्या बाया भिंतीवरून बघायच्या आणि आपापसांत काय ते ठरवायच्या.

आत्या पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात नाकाला पदर लावून उभी होती. पुढच्या रविवारी ती बंबापर्यंत आली. त्यानंतर न्हाणीच्या दगडावर बसून लांबून बघू लागली. आणि एका रविवारी मी मान वर करते तर ती माझ्या शेजारी उकिडवी बसलेली, पदर नाकावरून केव्हाच सुटलेला. "जित्तं शे का व माय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मन्ही शेवई यानापेक्षा बारीक ऱ्हास." शेवया वळण्यात आत्याचा हात कोणी धरत नसे, आणि ती तुलना तिनं पूर्ण गंभीरपणे केली होती. त्या वर्षी मी शेवयांची खीर खाल्ली नाही, आणि आत्या मात्र दोन वाट्या खाऊन माझ्याकडे बघून हसली.

जंत मेल्यावर ते औषधाच्या पाण्यात बुडवून बाटलीतून धुळ्याला न्यायचे. ते औषध म्हणजे फॉर्मलिन, डोळ्यांतून पाणी काढणारं. बाटलीचं बूच जरा ढिलं असलं की एसटीतली पहिली चार बाकडी रडायला लागायची. नानांच्या गाडीतून जायचं असल्यामुळे मला सीट मिळे, पण बापानं कधी तिकीट चुकवू दिलं नाही, सगळ्यांदेखत फाडून हातात द्यायचे. एकदा धोतरवाले एक आबा डोळे पुसत म्हणाले, "कंडक्टरभाऊ, गाडीमा काय शे?" नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "कांदा." आबा म्हणाले, "आसा कांदा मी आयुष्यमा दखा नही." नाना म्हणाले, "नवी जात शे." ते त्या वेळी सहज बोलून गेले. पुढे काय होणार हे त्यांना काय ठाऊक.

धुळ्याला जंताला दोन काचांमध्ये दाबायचं, लाल रंगात रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. जंताच्या डोक्यावर बारीक आकड्यांचं कडं असतं, त्या आकड्यांनी तो आतड्याला धरून बसतो. वामेतल्या सगळ्या ओळखीच्या जातींत हे कडं सलग गोल. माझ्या एका जंतात ते समोरासमोर दोन जागी तुटलेलं होतं. मी सरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, काढला, आणि म्हणाले, "तूच दाबताना मोडलं असशील." माझा चेहरा उतरलेला बघून पुढे म्हणाले, "दुसरा आण." दुसरा आणला. त्याचंही कडं तिथेच तुटलेलं. "तिसरा आण." आता सखूबाई नदीवरून येतायेताच हाका मारायला लागली होती. आणलेल्या प्रत्येकाचं कडं त्याच दोन जागी तुटलेलं. आठवडेच्या आठवडे सर जुने अंक काढून बसले. जगात त्या कुळाचे जेवढे जंत कोणी लिहून ठेवले होते तेवढे त्यांनी माझ्या जंताच्या शेजारी ठेवून बघितले. एका दुपारी त्यांनी शेवटचा अंक मिटला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हा कोणाचाच नाही. हा नवा आहे."

मी काय केलं ते आठवत नाही, पण प्रयोगशाळेतला शिपाई पुढे कित्येक वर्षं सांगत असे की बाई टेबलाभोवती पळाल्या. पळालेही असेन. जगात एक जीव होता, तो तापीच्या वामेच्या पोटात कधीपासूनचा सुखानं राहत होता, आणि तो आहे हे माणसांपैकी फक्त मला आणि सरांना ठाऊक होतं. संध्याकाळच्या गाडीत मी नानांना सांगितलं. त्यांनी घंटीची दोरी ओढली, गाडी उगाच थांबली, ड्रायव्हरनं वळून बघितलं. नाना म्हणाले, "काही नही, चाल." आणि मग अमळनेरपर्यंत प्रत्येक बाकड्यावर जाऊन ते हळूच सांगत गेले की मन्ही पोरनी नवा जंतू शोधा.

याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर तीन बायका आपापली पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "रातभर दात खास व बाई, पोटमा जंत शेतस. औषध दी द्या." मी समजावलं की मी माशांच्या जंतांची, माणसांच्या नाही. तर ती म्हणाली, "मासाना कळस, त मानुसना काब्र नही कळाव?" आईनं आत जाऊन वावडिंग कुटलं, गुळात गोळ्या केल्या आणि एकेक पोराच्या तोंडात घातली. आठवडाभर हे चाललं. गंमत म्हणजे पोरांना गुण आला आणि नाव माझं झालं. अजूनही अमळनेरच्या लग्नांत कोणीतरी भेटतं आणि म्हणतं, ताई, लहानपणी तुमच्या औषधानं माझे जंत पडले. मी आता नाही म्हणायचं सोडून दिलं आहे.

त्याच आठवड्यात एका रात्री जेवताना मी घरच्यांना सांगत होते की नव्या जिवाला नाव द्यावं लागतं. त्याचं पहिलं नाव कुळाचं, आडनावासारखं, ते ठरलेलं असतं. दुसरं नाव त्याचं स्वतःचं, ते शोधणाऱ्यानं द्यायचं, आणि एकदा छापलं की जग असेपर्यंत तेच. आई म्हणाली, "म्हणजे बारसंच की." नाना फौजदारी डाळीत भाकरी चुरत होते, मजेत होते, तर बोलून गेले, "मंग तुम्ही कोन ठेवनार? नाव ठेवाना मान त आत्याना ऱ्हास."

आणि त्यांचा हात ताटातच राहिला. आई उठून पाण्याचा तांब्या भरायला गेली, तो भरलेलाच होता. मला काही कळलं नाही, मी हसतच होते. आत्यानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "ठेवसू ना. मन्हाजोडे नाव शे." मी विचारलं, कोणतं? "मंजुळा." हे नाव तिला शोधावं लागलं नाही, ते जणू जिभेवरच होतं. मी म्हटलं, मंजुळा का गं? ती म्हणाली, "अशेच." आणि सगळ्यांना आणखी डाळ वाढली, नको म्हणणाऱ्यांनासुद्धा.

आईनं मला दुसऱ्या दिवशी ज्वारी निवडता निवडता सांगितलं. माझ्या बारशाचा पाळणा आत्यानं सजवला होता, टोपडं आत्यानं शिवलं होतं, घुगऱ्या तिनंच शिजवल्या होत्या. नाव तिनं ठरवून ठेवलं होतं, स्वतःच्या लग्नाच्याही आधीपासून, कधीतरी होईल त्या पोरीसाठी म्हणून. तिला पोर झाली नाही, तर ते भावाच्या पोरीला द्यायचं. पण ऐन वेळी वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, पाळण्याला सवाष्णीचा हात लागू दे. म्हणून नानांच्या चुलतबहिणीला, जळगावच्या प्रमिलाआत्याला, पुढे केलं. तिनं माझ्या कानात कुर्र केलं, सुनीता म्हणाली, रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "ते धपाटे आत स्वयंपाकघरात ऐकू येत होते," आई म्हणाली, "आणि अक्का घुगऱ्या वाट्यांत भरत होत्या." मी म्हटलं, तू काही बोलली नाहीस? आईनं ज्वारीतला खडा उचलून बाजूला ठेवला. "मी बाळंतीण. माझं कोण ऐकतं. आणि खरं सांगू का, मलाही भीती वाटली गं." तिच्यावर रागवायला मला जमलं नाही. राग आला तो त्या सगळ्या वडीलधाऱ्यांचा, आणि त्या आता बहुतेक वर गेल्या होत्या. मनात मात्र एक गोष्ट पक्की झाली. जंताचं नाव मंजुळा. दुसरं नाही.

आता हे सरांना कोण सांगणार? आमच्या धंद्यात एक रीत होती. विद्यार्थ्याचा पहिला नवा किडा गुरूंच्या गुरूंच्या नावानं अर्पण करायचा. सरांचे गुरू फार मोठे माणूस होते, आणि त्यांचे सगळे शिष्य-प्रशिष्य तेच करत आले होते. त्यामुळे त्यांच्या नावाचा एक किडा कोंबडीत होता, एक बकरीत, एक कावळ्यात, एक गाढवात. मी सरांच्या खोलीत गेले तेव्हा लेख टाइप होऊन टेबलावर पडला होता आणि त्यावर तेच नाव होतं. मी अडखळत म्हणाले, सर, आमच्या आत्याच्या मनात एक नाव आहे. सर म्हणाले, "आत्या प्राणिशास्त्रातल्या आहेत का?" मी म्हटलं, नाही. "मग त्यांना नमस्कार सांग. लेख परवा पोस्टात जाईल." त्यांच्या सहीशिवाय तो लेख, तो जंत आणि मी, तिघंही कुठेच जाणार नव्हतो. घरी येऊन मी आईला हे हळू आवाजात सांगितलं. घर दोन खोल्यांचं, हळू आवाजाला तिथे अर्थ नव्हता. आत्या परसातून आत आली, डबा उघडला आणि मापटंभर हरभरे भिजत घातले.

घुगऱ्यांचे हरभरे. मी काय ते समजले. पुढच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, मोठा पितळी डबा मांडीवर घेऊन नानांच्या गाडीत पहिल्या बाकड्यावर बसली. नानांनी तिलाही तिकीट फाडून दिलं. ती धुळ्याला शेवटची केव्हा गेली होती हे कोणालाच आठवत नव्हतं. वाटेत मी तिला म्हटलं, आत्या, सर चिडले तर माझं शिक्षण जाईल. ती खिडकीतून कापसाची शेतं बघत होती. म्हणाली, "मी भांडाले नही जाई ऱ्हायनू. बारसाले जाई ऱ्हायनू." मला हसू आलं आणि ते धुळ्यापर्यंत थांबेचना. भीतीनं असं होतं कधी कधी.

सरांनी आम्हांला बघून खुर्ची दाखवली. आत्या बसली नाही. "मी हिनी आत्या. माले किडा दखना शे." सर मोठे शिस्तीचे, पण पाहुणी आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शक लावून दिला. आत्यानं एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटले. मग मीच तिच्या एका डोळ्यावर हात धरला. बराच वेळ तिला स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. आणि मग ती एकदम स्थिर झाली. "अगं माय," ती म्हणाली. "लाल लुगडं नेसेल शे." सरांनी सांगितलं की तो रंग आम्ही दिलेला असतो. ती तशीच वाकून राहिली आणि म्हणाली, "पोऱ्या शे का पोर?"

सर म्हणाले, "तसं नसतं अक्का. या जिवात नर आणि मादी दोन्ही एकाच अंगात असतात."

आत्यानं यावर विचार केला. "म्हंजे यास्मा कोनी रंडकी व्हस नही," ती म्हणाली. "बरं शे."

सर खिडकीकडे बघू लागले. मी फरशीकडे. शिपाई चहा घेऊन आला होता, तो तसाच कप घेऊन परत गेला. आत्या ताठ उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हिनं नाव मंजुळा."

सरांनी घसा साफ केला. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी आदरानं, की नाव ठरलेलं आहे, आमचे गुरुजी फार थोर आहेत. आत्यानं विचारलं, "त्यास्ना नावना किडा आधीना शेतस का?" सर म्हणाले, आहेत काही. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोंबडीत, बकरीत, कावळ्यात आणि गाढवात." सरांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेली नाही. आत्या म्हणाली, "त्यास्ले इतला शेतस, मंग हाऊ एक आम्हले द्या ना भाऊ."

"अक्का, ही शास्त्राची रीत आहे."

"रीत त आम्हनीबी शे. नाव ठेवाना मान आत्याना. तुम्हनं नाव कोनी ठेवं व्हतं?"

सरांनी दार पूर्ण लागलं आहे का बघितलं. आणि मग, इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून जी भाषा एकदाही ऐकली नव्हती, त्या भाषेत ते म्हणाले, "आत्यानीच."

"काय ठेवं?"

"दगडू." सर कानापर्यंत लाल झाले होते, पण थांबले नाहीत. "मन्हा आधीना दोन भाऊ पाळनामाच गयात. मंग आत्या बोलनी, याले दगडू म्हना. दगडले कोन लई जास?"

आत्यानं मान डोलावली. "बरोबर बोलनी. शे का आते ती?"

"गई. सोनगीरले व्हती. तिना हातनंच मोठा व्हयनू मी."

"मंग," आत्या म्हणाली. तिनं डब्याचं झाकण काढलं. तिखट-मिठाच्या, फोडणी दिलेल्या हरभऱ्यांचा वास त्या फॉर्मलिनच्या खोलीत पसरला, आणि मी सांगते, त्या खोलीला तसा वास त्यापूर्वी कधी आला नव्हता. सरांनी टाइप केलेला कागद ओढला. खिशातलं पेन काढलं. गुरुजींच्या नावावर, अगदी हलक्या हातानं, एक रेघ मारली आणि वर मंजुळेचं नाव लिहिलं, लॅटिनमध्ये बाईच्या नावाला लावतात ती शेपटी लावून. मग माझ्याकडे वळून पुन्हा पुस्तकी मराठीत म्हणाले, "पुढचा किडा गुरुजींना. आणि दारावरच्या पाटीविषयी बाहेर काही ऐकू आलं, तर तुझा प्रबंध मी दहा वर्षं तपासत बसेन." मी कुठेच काही बोलले नाही. आज लिहिते आहे, कारण सर स्वतःच निवृत्तीच्या समारंभात हे सांगून मोकळे झाले, आणि सगळं सभागृह तेव्हा त्यांना दगडूसर म्हणून हाका मारत होतं.

पण आत्याचं काम अजून उरलं होतं. ती पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली, या बाजूनं, त्या बाजूनं, शोधत राहिली. "याले कान कोठे शे?" तिनं विचारलं. सर म्हणाले, "अक्का, याला कान नसतात. डोळेही नसतात." आत्या थबकली. नाव कानात सांगितल्याशिवाय बारसं होत नाही. मला वाटलं, एवढं सगळं करून आता इथे अडलं. पण ती माझ्याकडे वळली, माझं डोकं दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं, "कान नही? मंग तुन्हा कानमा सांगस," म्हणाली, आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून तिनं लांबलचक कुर्रर्र केलं. मग सावकाश, प्रत्येक अक्षर जपून, म्हणाली, "मंजुळा."

तिच्या तोंडाला लवंगेचा वास होता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी कानात गुदगुल्या होऊन हसूही फुटत होतं. पलीकडे सर घुगऱ्यांची मूठ हातात धरून उभे होते आणि खायचं विसरले होते. रीतीप्रमाणे आता आत्याच्या पाठीत धपाटे पडायला हवे होते, आणि खोलीत दुसरं बाईमाणूस नव्हतं. म्हणून मीच घातले, चांगले जोरात, आणि आत्या पदर तोंडावर धरून नव्या आत्यासारखी लाजत हसत राहिली.